डॉक्टरांनी काय दिलं?

नेदरलँड्समधले डॉक्टर चांगले आहेत. अडचण एवढीच, की त्यांच्या आणि तुमच्या मध्ये एक टेलिफोन असतो आणि त्या टेलिफोनवर एक बाई बसलेल्या असतात. त्यांना इथे डॉक्टरांच्या असिस्टंट म्हणतात. नावावर जाऊ नका. तुमचं मूल आज डॉक्टरांच्या दृष्टीस पडणार की नाही, याचा निकाल त्या देतात आणि तो बहुधा तुमच्या विरुद्ध लागतो. भांडायचीही सोय नसते, कारण आवाज चढवावा असं त्या काही बोलतच नाहीत. शेवटी आपणच त्यांचे आभार मानून फोन ठेवतो आणि मग दोन मिनिटांनी लक्षात येतं, की आपल्याला नाही म्हणाल्या त्या.

आम्ही आम्स्टलवेनला राहतो. आम्स्टरडॅमला चिकटलेलं गाव आहे. भारतीय इतके, की कढीपत्त्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही आणि संध्याकाळी बागेत "अरे पडशील, उतर खाली!" असं खणखणीत मराठी कानावर येतं. चिरंजीव सोन्या दोन वर्षांचे आहेत. पाळणाघरात घातल्यापासून ते तिथे काय शिकले हे अजून कळलेलं नाही, पण दर आठवड्याला एक नवा विषाणू मात्र नेमाने घरी आणतात. पाळणाघर मुलाला जरा कणकण आली की फोन करून 'घेऊन जा' म्हणतं. त्या दिवसाचे पैसे अर्थातच परत देत नाही.

त्यात पुण्याहून सासूबाई आल्या होत्या. शेंगेन व्हिसा नव्वद दिवसांचा, पण औषधं त्यांनी नव्वद वर्षांची आणली होती. बॅगेचा एक कप्पा नुसता त्यांचा. क्रोसिन, ग्राइप वॉटर, अमृतांजन, वेखंडाची पूड, सितोपलादी चूर्ण, ओव्याची पुरचुंडी करायला जुनं मऊ धोतर, बाळगुटीची सहाण आणि सोन्याचं बाळगुटीचं वय उलटून गेलेलं असूनही मुरडशेंग, हळकुंड, जायफळ वगैरे सगळं बिऱ्हाड. "असू दे गं, लागतं," असं म्हणून त्यांनी ते फ्रिजवर मांडलं. आमच्याकडचं सगळ्यात जड औषध तोवर बँडेड होतं.

तर एका पहाटे सोन्या तापाने फणफणला. डोळे लाल, अंग कढत, खांद्यावरून मान उचलेना. आठ वाजता दवाखान्याचा फोन सुरू होतो. लागेपर्यंत सव्वाआठ झाले.

"ताप किती आहे?" बाईंनी विचारलं.

थर्मामीटर आईंनी आणलेला, त्यामुळे नवऱ्याने त्यावरचा आकडा वाचला, "एकशे तीन."

पलीकडे शांतता. इथला ताप सेल्सिअसमध्ये मोजतात आणि शंभराला पाणी उकळतं. मी घाईघाईने हिशोब करून ओरडले, "एकोणचाळीस पॉइंट चार!"

"कुठे मोजला?"

"काखेत."

"काखेत नको. तो आकडा धरता येत नाही. खालून मोजा, मी थांबते."

इथे ताप खालून मोजतात. हे मी आईंना कसं समजावलं ते विचारू नका. त्यांचं स्वतःचं यंत्र म्हणजे उजव्या हाताची मागची बाजू. ती मानेला लावून त्या 'अंग नुसतं मोडून आलंय', 'हाताला लागतोय' आणि 'चटका बसतोय' अशा तीन पायऱ्यांत ताप सांगतात आणि त्यात कधी चूक झालेली नाही. त्यांच्या मते त्या घडीला चटका बसत होता. मग प्रश्नांची फैर झडली. पाणी पितो का? शू होते का? डायपर शेवटचा ओला कधी होता? रडताना डोळ्यांत पाणी येतं का? अंगावर ठिपके आहेत का, दाबल्यावर जातात का? मान नीट वळवतो का? श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात का? इथवर आमची बाजू बऱ्यापैकी भक्कम होती. मग त्यांनी अगदी सहज, शिळोप्याच्या गप्पा मारल्यागत विचारलं, "आणि खेळतो का?"

"छे! पहाटेपासून नुसता पडून आहे," नवरा म्हणाला, आणि नेमका त्याच क्षणी सोन्या उठून बसला. समोर पेजेची स्टीलची वाटी होती. त्याने चमचा उचलला आणि वाटी बडवायला सुरुवात केली. जोडीला गाणंही.

"मला ऐकू येतंय," बाई हसून म्हणाल्या. "छान आहे. पॅरासिटामॉल द्या, पाजत राहा. तीन दिवसांत ताप उतरला नाही, किंवा तो सुस्त वाटला, पिणं बंद झालं, तर लगेच फोन करा. बेटरस्खाप!" बेटरस्खाप म्हणजे लवकर बरं वाटू दे. इथे एवढं तरी फुकट मिळतं.

फोन ठेवतो न ठेवतो तोच नाशिकहून माझ्या आईचा फोन. आपल्याकडे तेव्हा पावणेबारा झालेले, म्हणजे वरणभाताचा कुकर उतरलेला आणि माणूस चौकशीला मोकळा. "काय गं, ताप आलाय म्हणे? डॉक्टरांनी काय दिलं?"

या प्रश्नाचा मी बराच विचार केलेला आहे. आजारी माणसाच्या घरी आपण विचारतो तो हा पहिला प्रश्न. डॉक्टर काय म्हणाले याला तितकं महत्त्व नाही. म्हणायला काय, काहीही म्हणतील. दिलं काय? आणि उत्तर अनेकवचनी लागतं. एक पातळ औषध, एक गोळी अर्धी करून, एक पावडर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवायची, नाकात घालायचे थेंब आणि वर भूक लागायचं टॉनिक, असं ऐकलं की पलीकडचं माणूस "हं" म्हणतं. त्या 'हं'मध्ये समाधान असतं. डॉक्टरने एकच औषध दिलं, तर "बरे आहेत ना ते डॉक्टर?" असं विचारतात. माझ्या लहानपणी आमचे डॉक्टर लाल औषधाची बाटली द्यायचे आणि कंपाउंडर तिच्यावर डोस दाखवणारी, कडेने कातरलेली कागदाची पट्टी डकवायचा. ती पट्टी ओली असतानाच निम्मा ताप उतरायचा. औषध घेऊन बरे झालो की डॉक्टर चांगले, न घेता बरे झालो तर मुळात काही झालंच नव्हतं, हा आमचा बैठा हिशोब.

"पॅरासिटामॉल सांगितलंय," मी म्हणाले.

"ते आपण देतोच गं. डॉक्टरांनी काय दिलं?"

"डॉक्टर भेटलेच नाहीत. फोनवरच्या बाईंनी सांगितलं."

यानंतर आईने जे उद्गार काढले ते नेदरलँड्सच्या राजापर्यंत न गेलेले बरे.

इथली घडी अशी आहे. प्रत्येक माणसाने आपल्या वस्तीतल्या एका हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवायचं. आधी तो, त्याने चिठ्ठी दिली तरच बालरोगतज्ज्ञ. थेट बालरोगतज्ज्ञाच्या दारात जाऊन उभं राहता येत नाही. आरोग्यविमा २००६ पासून सगळ्यांना सक्तीचा आहे. मोठ्यांना महिना दीडशे युरोंच्या आसपास हप्ता, शिवाय वर्षाला पहिले ३८५ युरो स्वतःच्या खिशातून. हाउसआर्ट्सची भेट मात्र त्या ३८५ मध्ये धरत नाहीत. अठरा वर्षांखालच्या मुलांना हप्ताही नाही आणि ते ३८५ही नाहीत. ऐकायला सोन्यासारखी व्यवस्था आहे. नवरा आयटीत असल्यामुळे त्याने लगेच एक्सेल उघडलं. "दोघांचे मिळून महिन्याला तीनशे युरो भरतो आपण," तो म्हणाला, "आणि मिळतं काय? तर पॅरासिटामॉल द्या हा सल्ला. ते पॅरासिटामॉलसुद्धा विम्यात बसत नाही, दुकानातून आपणच आणायचं. नुसता सल्ला!"

"पुण्यात सल्ल्याचे पैसे कधी कुणी मागितलेले नाहीत," आई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी ताप होताच, म्हणून कायद्याने आमची पाळी आली. वेळ मिळाली दहा वाजून वीस मिनिटांची. इथे वेळ म्हणजे दहा मिनिटं आणि दहा मिनिटांत एक तक्रार. दोन तक्रारी असतील तर आधी सांगून दुप्पट वेळ घ्यायचा. आईंनी जाता जाता आपला गुडघाही दाखवून घ्यायचं मनात धरलं होतं, त्यांना हा नियम सांगितला तेव्हा "गुडघा काय वेगळ्या गाडीने येतो का?" असं त्या म्हणाल्या.

वेटिंग रूममध्ये तारेवर सरकणाऱ्या लाकडी मण्यांचं खेळणं होतं आणि नाइन्ट्ये सशाची पुस्तकं. डिक ब्रूनाच्या या सशाचं एक पुस्तक खास इस्पितळावर आहे. घसा दुखतो, आई दवाखान्यात नेते, ऑपरेशन होतं, सगळं शहाण्यासारखं. सोन्याने ते पुस्तक चाटलं. चार दिवस मलूल असलेलं पोर तिथल्या गालिच्यावर असं काही धावत सुटलं, की समोरची डच आजी कौतुकाने म्हणाली, "किती निरोगी मूल आहे!" मी तिच्याकडे बघून हसले आणि सोन्याच्या कानात म्हणाले, "जरा आजारी दिस."

डॉक्टर स्वतः बाहेर आले. इथे डॉक्टर स्वतःच येऊन नाव पुकारतात, जीन्स घालतात आणि हस्तांदोलन करून आपलं पहिलं नाव सांगतात. "फामिली खोडबोले?" आम्ही गोडबोले, डच लोक 'ग' घशातून काढतात, त्याला इलाज नाही. आत गेल्यावर त्यांनी आमच्याकडे शांतपणे बघून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल? आणि माझ्याकडून तुमची अपेक्षा काय आहे?"

मी हे भाषांतर करून आईंना सांगितलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "आपल्याला काय वाटतं ते आपण याला सांगायचं?"

"हो."

"मग तो इथे कशाला बसलाय?"

नवऱ्याने मात्र संधी साधली. मराठी मंडळाच्या गणपतीत, आरती झाल्यावर, हॉलच्या मागच्या बाजूला केळीचे वेफर्स खाता खाता जी खरी व्याख्यानमाला चालते तिचा तो नियमित श्रोता आहे. विषय एकच: हाउसआर्ट्सकडून काहीतरी कसं काढावं. ताप ३९ असेल तर ३९ म्हणू नये. दोन दिवस झाले असतील तर 'आठवड्याच्या सुरुवातीपासून' म्हणावं. 'आम्ही फार काळजीत आहोत' हे वाक्य डचमध्ये पाठ करून ठेवावं, त्याने पुष्कळ दारं उघडतात. ज्यांना मागे कधीतरी अँटिबायोटिक मिळालं आहे, ते या व्याख्यानमालेचे अध्यक्ष. नवऱ्याने घसा खाकरून सगळं धडाधड म्हणून टाकलं.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि सोन्याला तपासायला घेतलं. पण सोन्या होता कुठे? आईंनी त्याला थंडी बाधू नये म्हणून गंजी, त्यावर बंडी, त्यावर शर्ट, त्यावर हाताने विणलेला स्वेटर, वर जाकीट आणि कानटोपी चढवली होती. डॉक्टर कोबीचा गड्डा सोलावा तसे एकेक पान काढत आत आत गेले. तळाशी सोन्या सापडला, घामाने चिंब. "ताप असताना इतके कपडे नकोत," ते म्हणाले, "एक पातळ सदरा पुरे." आईंना हे न सांगता मी ते जाकीट हळूच पिशवीत घातलं. छाती तपासली, घसा पाहिला, कानांत दिवा घालून बराच वेळ पाहिलं. मग खुर्चीत बसून म्हणाले, "विषाणू आहे. आपोआप जाईल. पॅरासिटामॉल चालू ठेवा." आणि संगणकावर टाउसआर्ट्स नावाचं संकेतस्थळ उघडून दाखवलं. हाउसआर्ट्सच्याच संघटनेने चालवलेलं ते आहे. मुलाचा ताप, खोकला, जुलाब, सगळं सोप्या भाषेत. म्हणजे डॉक्टरांनीच आम्हाला गुगलवर बसवलं. पुण्याचे आमचे डॉक्टर 'गुगल करून आलात का?' एवढं विचारूनच माणसाची शोभा करतात.

जिना उतरताना आईंनी निकाल दिला. "पोरगा स्वभावाने चांगला आहे. शिकत असावा अजून."

तिथून आम्ही औषधांच्या दुकानात गेलो. मुलांचं पॅरासिटामॉल इथे सिरपमध्येही मिळतं, पण लोकांची खरी भिस्त झेटपिलवर. पांढरी, टोकदार, मेणचट, आणि ताप जिथून मोजतात तिथूनच ती द्यायची. झोपलेल्या मुलाला देता येते, थुंकून टाकता येत नाही, उलटी झाली तरी वाया जात नाही. अगदी बिनतोड आहे सगळं. आईंनी पुडक्यावरचं चित्र पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "या देशात तोंडाचा उपयोग नुसता बोलायला करतात का गं?"

मुलगा मात्र दोन दिवसांत बरा झाला. झेटपिलनेही नाही आणि ओव्यानेही नाही. विषाणू कंटाळून गेला. हेच इथल्या डॉक्टरांचं म्हणणं असतं आणि राग येतो तो नेमका यासाठी, की बहुतेक वेळा ते खरं निघतं. नेदरलँड्स हा इस्पितळाबाहेर सगळ्यात कमी अँटिबायोटिक खाणाऱ्या युरोपीय देशांपैकी एक आहे, वर्षानुवर्षं आहे, आणि त्याचं फळ म्हणजे औषधांना न जुमानणारे जंतू इथे कमी. सगळं पटतं. दुपारी तीन वाजता, मूल खेळत असताना अगदी पटतं. पहाटे तीन वाजता, अंधारात, ३९.८ दाखवणारा थर्मामीटर हातात असताना माणसाला जागतिक आरोग्याशी काही देणंघेणं नसतं. त्याला काहीतरी हातात हवं असतं.

गंमत म्हणजे मूल धडधाकट असताना हाच देश त्याच्या मागे हात धुऊन लागतो. त्यासाठी कॉन्सुल्टात्सी-ब्युरो नावाची वेगळी संस्था आहे. वजन, उंची, डोक्याचा घेर, लसी, बोलतो किती, ठोकळे किती रचतो, सगळं ठरल्या महिन्याला. पत्रं पाठवून बोलावतात. पण त्या दिवशी मूल आजारी असेल तर ते म्हणतात, इथे नको, हाउसआर्ट्सना फोन करा. तिथल्या नर्सबाईंनी सोन्याची उंची डच आलेखावर मांडली तेव्हा ठिपका पार तळाला जाऊन बसला. जगातली सगळ्यात उंच माणसं याच देशात राहतात, त्यांच्या पोरांच्या रांगेत आमचं काय होणार? आईंचा चेहरा पडला. मग बाईंनी दुसरा आलेख काढला, 'हिंदुस्तानी' मुलांचा. तो खरं तर आमच्यासाठी नव्हेच. १८७३ मध्ये 'लल्ला रूख' जहाजाने कलकत्त्याहून मजुरांची पहिली खेप सुरिनामच्या मळ्यांवर गेली, तिच्या मागोमाग आणखी हजारो गेले, आणि त्यांची पतवंडं पुढे इकडे येऊन स्थायिक झाली; त्यांच्या मुलांसाठी तो केलेला आहे. त्यावर सोन्या ऐटीत मधोमध बसला. बिहार आणि संयुक्त प्रांतातल्या गिरमिटियांच्या पुण्याईवर एक कोकणस्थ मुलगा धडधाकट ठरला.

मग पाळणाघरात कांजिण्या आल्या. दारावर तसा कागद लागला आणि आत पाहिलं तर अंगभर पुटकुळ्या आलेला एक गोरापान मुलगा आमच्या सोन्यासोबत वाळूत खेळत होता. इथे कांजिण्यांची लस सरकारी कार्यक्रमात नाही आणि मुलाला बरं वाटत असेल तर कांजिण्यांसकट त्याने पाळणाघरात यायला हरकत नाही. कारणही पटण्यासारखं: पुटकुळ्या उठायच्या आधीच त्याने सगळ्यांना प्रसाद दिलेला असतो. बाकीच्या आया तर खुशीत होत्या, चला, लहानपणीच होऊन गेलं. आई दारातच थांबल्या. त्यांच्या माहितीत कांजिण्या आल्या की मूल खोलीत, अंथरुणावर कडुलिंबाचा पाला, घरात फोडणी बंद आणि आल्यागेल्याला उंबऱ्याबाहेरून नमस्कार. यथावकाश सोन्यालाही आल्या. कडुलिंब मिळाला नाही, पण फोडणी बंद झाली. कांजिण्या सोन्याला आणि बिनफोडणीचं वरण आम्हाला, अशी सगळ्यांनी मिळून ती भोगली.

याच मुक्कामात ती रात्र आली. संध्याकाळी नुसतं नाक वाहत होतं. मध्यरात्रीनंतर सोन्या एकदम उठला आणि खोकला. तो खोकला त्याचा नव्हता. कोरडा, पोकळ, भुंकल्यागत. श्वास आत घेताना शिट्टी वाजायची. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी हाउसआर्ट्सेन-पोस्टला फोन करायचा असतो, तो केला आणि आम्ही मनातल्या मनात सगळे पुरावे जुळवू लागलो: डायपर, पाणी, ठिपके, मान.

"मागे जो आवाज येतोय तो त्याचाच का?" पलीकडून प्रश्न. "फोन जरा त्याच्याजवळ न्या."

नेला. सोन्या एकदा खोकला.

"लगेच निघा."

बस्स. ना डायपर, ना खेळतो का. इतके दिवस ज्या शब्दासाठी आम्ही जिवाचं रान केलं तो न मागता मिळाला आणि माझ्या पोटात गोळा आला. नाही म्हणणारी माणसं एकदम हो म्हणाली की काय समजायचं? नवरा चाव्या शोधत होता, मी मोजे. आईंनी तेवढ्यात स्वयंपाकघरातून मीठमोहरी आणून सोन्यावरून ओवाळून टाकली. कुणाची दृष्ट काढायची याची यादी त्यांच्या मनात तयार होती. त्यात वेटिंग रूममधली डच आजी पहिली.

गारठा असा होता की गाडीच्या काचा उघड्या ठेवताच निम्म्या वाटेत शिट्टी कमी झाली. गार हवेने कधीकधी उतार पडतो असं नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. क्रूप होता; स्वरयंत्राभोवती सूज येते, लहान मुलांना होतो. त्यांनी सोन्याला तोंडाने एक डोस दिला आणि सांगितलं, थोडे तास शेजारच्या इस्पितळात नजरेखाली ठेवू.

तिथल्या नर्सने दाखल करताना कागद भरायला घेतला. गेल्या दोन महिन्यांत मूल परदेशातल्या इस्पितळात राहिलं होतं का? नाही. घरी कुणाचा डुकरांशी संपर्क येतो का?

नवऱ्याने पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

"काय विचारतेय रे?" आई.

"आपण डुकरं पाळतो का विचारतेय."

आईंनी पदर सारखा केला. "सांग तिला, आम्ही गोडबोले. घरात अंडं येत नाही."

त्यामागे शास्त्र आहे. औषधांना दाद न देणारे काही जंतू डुकरांच्या गोठ्यांतून माणसांत येतात, काही परदेशी इस्पितळांतून. तसा संशय असला की डच लोक तपासणी होईपर्यंत रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात. आम्ही दोन्ही कसोट्यांना उतरलो आणि सोन्याला चार मुलांच्या खोलीत खाट मिळाली. पहाटेपर्यंत शिट्टी थांबली. सकाळी नर्सने त्याला लोणी लावलेला पाव आणि त्यावर चॉकलेटचा चुरा असा डच नाश्ता दिला. तो त्याने दोन्ही गालांना लावून खाल्ला. मग आम्हाला घरी जायला सांगितलं. बिलाबद्दल कुणी बोललं नाही. नवरा सवयीने काउंटर शोधत होता.

"डॉक्टरांनी काय दिलं?" घरी आल्यावर आईंनी विचारलं. रात्री त्या तिथेच होत्या, पण उत्तर कुणाच्या तरी तोंडून यावं लागतं.

"एक डोस."

"एकच? आणि पुढचे?"

"पुढचे नाहीत."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुपारी त्यांना पुण्याला बहिणीशी बोलताना मी ऐकलं. "अगं, एकच चमचा दिला हो बाईने! पण हाताला गुण आहे तिच्या." मीठमोहरीचा उल्लेखही नव्हता. मला वाटलं, चला, ९० दिवसांत एवढं झालं तरी पुष्कळ.

डिसेंबरात आम्ही पुण्याला गेलो आणि तिसऱ्याच दिवशी सोन्याचं नाक गळायला लागलं. आमच्या सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बसायला जागा नव्हती. डिसेंबर म्हणजे परदेशी नातवंडांचा हंगाम. बाकावर अमेरिकन, इंग्रज आणि ऑस्ट्रेलियन उच्चारांत नाकं गळत होती. प्रत्येक नातवंडामागे एक आजी. नंबर लागला. डॉक्टरांनी जीभ पाहिली, पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांची लेखणी चालू झाली. एक, दोन, तीन, चार. पाचव्या ओळीला मी म्हणाले, "डॉक्टर, अँटिबायोटिक खरंच लागेल का? साधं सर्दीपडसं वाटतंय."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "कुठे असता?"

"नेदरलँड्सला."

"हं. तिकडचे सगळे हेच विचारतात." मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "अहो, मलाही कळतं लागत नाही ते. नाही लिहिलं की संध्याकाळी आजी येतात, डॉक्टर, तुम्ही काहीच दिलं नाहीत म्हणून. आजींना मी काय सांगू?"

आई वरच्या पंख्याकडे बघत होत्या.

डॉक्टरांनी चार ओळींवर काट मारली आणि खाली पॅरासिटामॉल ठेवलं. "गरम वाटलं तर द्या. दोन दिवसांत जाईल," म्हणाले. बाहेर पडल्यावर आई एक मजला गप्प होत्या. मग म्हणाल्या, "यांचं वय झालं आता." आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये शिरून स्वतःच्या अधिकारात एक टॉनिक घेऊन आल्या. संत्र्याच्या चवीचं. मोजायचं टोपण त्याच्याबरोबर फुकट होतं.